संवेदनशील काही आढळले नाही

दुपारच्या सामसूम घरात उलथणं पडलं. खणकन्.

"झालं! पावणं येणार," सोप्यात आडव्या झालेल्या रत्नव्वा डोळे न उघडताच म्हणाल्या. सासूबाईंच्या शकुनशास्त्रात भांडं कुठलंही पडो, येणारा पाहुणाच असायचा.

प्रेरणानं आधी लेकीकडं बघितलं. साडेचार वर्षांची सौंदर्या पालथी झोपली होती. एक गाल उशीवर चपटा झालेला, ओठांचा चंबू. तिनं नाक खाजवलं, कूस बदलली आणि परत झोपेत बुडाली. प्रेरणाच्या जिवात जीव आला. दिवसातला एवढाच एक तास तिचा स्वतःचा. बाकीचे सासू, सासरे, नवरा, लेक आणि तीन म्हशी यांच्यात आधीच वाटून गेलेले. अशा तासात बायका डोळा लावतात, नाहीतर मालिका बघतात. प्रेरणा चुलीपाशी बसून 'नैसर्गिक वायुवाहिनी विस्तार प्रकल्प : पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा संक्षिप्त अहवाल' वाचत होती. सासरे तो दूध डेअरीतून घेऊन आले होते. लोणच्याच्या बरणीखाली घालायला.

समुद्राकडून निघालेला गॅस मादळवाडीच्या माळाखालून कर्नाटकात जायचा. पेठ वडगावच्या अलीकडं एवढीशी वाडी, पण गॅसच्या वाटेत आली म्हणून नकाशावर आली. काही वर्षांपूर्वी 'सह्यधारा' नावाच्या कंपनीनं पहिली लाइन पुरली. गावाला त्यातून मिळाले ते पिवळे खांब, ज्यांना म्हशी अंग घासायच्या. आता शेजारी दुसरी लाइन येणार होती, पहिलीपेक्षा जाड. त्याआधी झाडं, पाणी, जनावरं, माणसं यांना काय धक्का बसेल ते तपासायचं, असा सरकारचा नियम. तो नियम पाळल्याचा पुरावा म्हणजे हा अहवाल.

तपासलं मात्र होतं मनापासून. पक्ष्यांच्या एकतीस जाती. मुंगसं दोन. घोरपड एक, 'स्थानिकांच्या सांगण्यानुसार'. ओढ्याच्या पाण्यात काय काय विरघळलंय त्याचा तक्ता. पुढं एक कलम होतं : जवळ शाळा, बालवाडी किंवा दवाखाना असेल तर लाइन लांबून न्यावी. आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात, 'मादळवाडी हद्दीत वाहिनीलगत संवेदनशील असे काही आढळले नाही.'

प्रेरणानं ती ओळ दोनदा वाचली. म्हणजे मुंगसं दोन, लेकरं शून्य.

कारण नवी लाइन जाणार होती ती डेअरीच्या जुन्या शेडच्या मागच्या भिंतीला चिकटून. आणि त्या शेडमध्ये रोज सकाळी गावाची बालवाडी भरायची. सौंदर्या त्याच मागच्या भिंतीला टेकून बसायची, कारण पुढं पत्रा गळतो.

मजा अशी की अहवाल खोटं बोलत नव्हता. नकाशात बालवाडी होती, ओढ्याच्या पल्याड, सुरक्षित अंतरावर. तशी इमारत खरोखरच होती : गुलाबी रंगाची, भिंतीवर हत्ती आणि छत्री काढलेली. चार वर्षांपूर्वी फीत कापून तिचं उद्घाटन झालं, पेढे वाटले, आणि त्याच पावसाळ्यात डेअरीची पशुखाद्याची पोती तिथं 'पावसापुरती' ठेवली गेली. तेव्हापासून चार पावसाळे येऊन गेले. पोती काही गेली नाहीत. पेंड गेली बालवाडीत आणि बालवाडी गेली पेंडीच्या शेडमध्ये. तक्रार दोघांचीही नव्हती.

डेअरीचे चेअरमन चन्नाप्पा, म्हणजे प्रेरणाचे सासरे. गेल्या वर्षी तिनं भीत भीत विचारलं होतं, "मामा, पोरं त्यांच्या इमारतीत बसली तर?"

चन्नाप्पांनी न रागावता समजावलं होतं, "त्याचं काय हाय बाई, पेंडीला ओल चालत न्हाय."

पोरांना चालते का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. पोरं सर्दीखोकल्यावर भागवत होती.

लाइनीची जनसुनावणी मागच्याच महिन्यात कोल्हापुरात झाली. कंपनीच्या गाडीतून गावचे दोन प्रतिनिधी गेले : सरपंच बाळासो आणि चेअरमन चन्नाप्पा. हरकत आहे का, असं व्यासपीठावरून विचारल्यावर बाळासो उठून म्हणाले, "आमची काय हरकत न्हाय, फकस्त जेवणाला उशीर नको." टाळ्या पडल्या. बाळासो तांबडा-पांढरा रस्सा चापून आले, चन्नाप्पांनी लिंगायताच्या घरची शिस्त पाळून बासुंदीवर भागवलं. पण वरच्या कचेरीनं एक खोड काढली : सुनावणीत महिलांचा सहभाग दिसत नाही.

म्हणून दोन हजार आठ सालच्या त्या संक्रांतीला, उलथणं पडल्याला पाव तासही झाला नसेल, तोच डेअरीचा भोंगा खरखरला. डेअरीचा शिपाई ज्ञानू घसा खाकरून ओरडू लागला, "समद्या आयाभगिनींनी ऐकावं! गॅस कंपनीकडनं उद्या दुपारी मारुतीच्या देवळात हळदीकुंकू हाय. वाण मिळंल. वाण मोठं हाय, पुना सांगतो, मोठं हाय!"

"बग, म्हणलं नव्हतं?" रत्नव्वा उठून बसल्या. सौंदर्याही उठली. तास संपला.

*

हळदीकुंकवाला झाडून सगळ्या बायका आल्या. नवऱ्यावर रुसता येतं, जावेशी अबोला धरता येतो, पण सवाष्णीला कुंकवाला नाही म्हणता येत नाही. हे कंपनीतल्या ज्या कुणाला सुचलं, त्याची बायको हुशार असणार.

कारखानीस मॅडम पुण्याहून आल्या होत्या. जनसंपर्क हे त्यांचं खातं, पण अंगावर पैठणी आणि नाकात नथ. त्यांनी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. प्रकल्पाबद्दलसुद्धा!" आणि त्या स्वतःच हसल्या. कॅमेरावाला दर कुंकवागणिक फोटो काढत होता. पुरुषमाणूस आणखी एकच, अहवाल करणारे देवस्थळी साहेब. पांढऱ्या दाढीचे, गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण. बायकांच्यात कसं बसायचं म्हणून ते खांबामागं, पाठ करून, मांडीवर कागद घेऊन बसले होते.

मग वाण निघालं. शेगडी पेटवायचा लायटर. निळा, प्लॅस्टिकच्या मुठीचा, वर कंपनीचं नाव.

सगळ्यांत पुढं बसलेल्या बनाबाईंनी तो उलटासुलटा करून बघितला. "मॅडम, मग ह्यो गॅस आमच्या घरात कवा येनार?"

"मावशी, हा गॅस मोठ्या कारखान्यांसाठी आहे. पुढं जाणार."

"आनि लायटर?"

"तो तुम्हाला. वाण आहे ना!"

"व्हय की," बनाबाई शेजारणीकडं वळल्या. "चला, आता चुलीतल्या शेण्या टिकटिक करून पेटवायच्या."

देवळात हशा उसळला. मॅडमनी तो आनंदात धरला. "वा! आता नाव घ्यायचं! उखाण्याशिवाय कसलं हळदीकुंकू?"

उखाण्याची एक सोय असते. एरवी सुनेनं तोंड उघडलं तर ते 'उलटून बोलणं' होतं; तेच यमकात बसवलं तर कौतुक होतं. बायकांनी पिढ्यान् पिढ्या सासूचे टोमणे, नणंदेचा नखरा, नवऱ्याचं घोरणं हे सगळं साखरेच्या पाकातून चारचौघांत मांडलंय ते याच सोयीनं. प्रेरणानं रात्रीच भाकरी थापता थापता यमक जुळवलं होतं. आता मांडीवर सौंदर्या लायटर टिक टिक करत होती. तिच्या केसांना तेलाचा आणि तिळाचा वास येत होता. तो वास घेऊन प्रेरणा उभी राहिली.

"हुपरीच्या चांदीवर कारागिराचा हात,
बालवाडी भरते डेअरीच्या शेडात;
पाइप जाणार मागनं, नकाशात न्हाईत पोरं,
राजशेखररावांचं नाव घेते, सांगते ते खरं!"

रत्नव्वांनी पदर तोंडावर घेतला. मग कारखानीस मॅडमनी जोरात टाळ्या वाजवल्या. "अप्रतिम! बघा, प्रकल्पाचा उल्लेख किती सहज आला!" आणि पाठोपाठ सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कॅमेरावाल्यानं प्रेरणाला लायटर उंच धरायला लावला.

पुढं अंतिम अहवालात त्या दुपारबद्दल एवढंच आलं : 'महिलांनी प्रकल्पाविषयीच्या भावना काव्यरूपात व्यक्त केल्या.'

खांबामागची दाढी मात्र वळली होती. "बाई, परत म्हणता का? सावकाश."

"वन्समोअर!" मॅडम ओरडल्या.

प्रेरणानं परत म्हटलं. देवस्थळी साहेबांनी लिहून घेतलं, शब्द न् शब्द, जणू एखाद्या दुर्मिळ पाखराची शीळ.

घरी जाताना रत्नव्वा वाटभर फणफणत होत्या. "नाव घ्याय सांगिटलं, का सासऱ्याची अब्रू काढाय? चेअरमनची सून तू!"

"मी मामांचं नाव कुठं घेतलं, अत्ती?"

"शेड कुनाचं? पेंड कुनाची? गावाला ठाव न्हाय व्हय?" मग चार पावलं गेल्यावर, आवाज जरा उतरवून, "यमक मातुर झ्याक बसीवलंस."

*

साहेबांचा निरोप आठवड्यानं आला. गुरुवारी ते बालवाडी प्रत्यक्ष बघायला येणार होते.

संध्याकाळी सोप्यात बैठक बसली. बाळासो लोडाला टेकून, चन्नाप्पा सुपारी कातरत. आतल्या दाराआड चहाचे कप घेऊन प्रेरणा उभी. आता आपल्यावर वीज पडणार, हे धरूनच.

"कुनी लावलंय ह्ये शेपूट?" बाळासोंनी विचारलं.

"कुनी का लावंना," चन्नाप्पा म्हणाले. सुनेचं नाव त्यांनी चारचौघांत घेतलं नाही. तो त्यांचा मोठेपणाच. "लाइन हलली तर सरकंल तुमच्या उसात, सरपंच. आनि शेड का भरलंय म्हनून इचारलं, तर इमारत निघंल. इमारत निघाली तर तुमची बांधकामाची बिलं निघतील, माझी पेंड निघंल."

"मग?"

"मग काय? एका दिसाचा तर प्रश्न. पोती काढू, पोरं बसवू. सायेब बघंल, जाईल."

बाळासोंना हे इतकं पटलं की त्यांनी चहा दुसऱ्यांदा मागितला.

बाळासो गेल्यावर चन्नाप्पांनी सुनेला हाक मारली. "बाई, तू शिकलेली हाईस. इमारत जरा नीट लावून घे. चित्रंबित्रं चिकटव."

वीज पडली नाही म्हटल्यावर प्रेरणाला धीर आला. "आणि मामा, शुक्रवारी?"

"काय शुक्रवारी?"

"पोरं तिथंच राहतील?"

चन्नाप्पांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बघू की."

त्या घरात 'न्हाय' म्हणायचं असलं की चन्नाप्पा स्पष्ट 'न्हाय' म्हणायचे. 'बघू की' म्हटल्यावर राजशेखरला मोटारसायकल मिळाली होती आणि रत्नव्वांना मिक्सर. प्रेरणानं तो हिशेब केला. एकदा पोरं त्या इमारतीत बसली, खिडकीतून ऊन आलेलं बघितलं, की त्यांना उठवायला कुणाचे हात धजतील? आणि पोरंच तिथं नसली तर शेडमागनं पाइप जाईना का. वाट वाकडी, पण मुक्काम बरोबर. रात्री राजशेखरला सांगितलं, तर तो शिरोलीच्या फाउंड्रीतून दमून आलेला, "आप्पा म्हणाले ना बघू? मग झालं," म्हणून भिंतीकडं तोंड करून झोपला.

दोन दिवस प्रेरणा, बालवाडीच्या शालूबाई आणि बनाबाई इमारत घासत होत्या. पेंडीचा आंबूस वास भिंतीत मुरला होता. तो चुन्यानंही हटेना, म्हणून कडुलिंबाची पानं जाळली. सौंदर्या पायात पायात. मधेच ओरडली, "आई, हितली मोरी माझ्याएवढी हाय!" खरंच, नळ तिच्या कमरेएवढ्या उंचीवर होता. दप्तराच्या खुंट्या तिच्या खांद्याएवढ्या. कुणीतरी, कुठल्यातरी कचेरीत, चार वर्षांच्या पोराचं माप घेऊन ही इमारत आखली होती. प्रेरणानं नळ सोडला. आधी खोकला, मग गंज, मग स्वच्छ पाणी. सौंदर्यानं त्याखाली दोन्ही हात धरले आणि प्रेरणाकडं अशी बघून हसली, की प्रेरणाला आपल्या सगळ्या लबाडीचं पुण्य झाल्यासारखं वाटलं.

*

गुरुवारी पोरं तेल चोपडून, पावडर थापून ओळीत बसली होती. शालूबाईंनी शिकवून ठेवलं होतं : पाव्हणं काय बी इचारू देत, 'व्हय' म्हणायचं.

देवस्थळी साहेब आले, चपला दारात काढल्या, आणि पोरांत मांडी घालून बसले. सोबत चन्नाप्पा आणि बाळासो उभे.

"तुम्हाला इथं रोज खाऊ मिळतो?"

"व्हय!"

"इथं अभ्यास करता?"

"व्हय!"

"तुम्ही सगळी हत्ती आहात?"

"व्हय!"

साहेब दाढीत हसले. बाळासो मोठ्यानं हसले. चन्नाप्पा हसले नाहीत. साहेबांनी सौंदर्याला जवळ बोलावलं. "बाळ, तू सांग. तू रोज इथंच बसतेस?"

सौंदर्यानं तोंड उघडलं, आणि शालूबाईंकडं नाही, आईकडं बघितलं. खोट्याच्या उंबऱ्यावर पाय अडखळला की लेकरू जिकडं बघतं, तिकडं. मागं खिडकीतून ऊन येत होतं. प्रेरणानं मान हलवली. एवढीशी.

"व्हय," सौंदर्या म्हणाली.

साहेबांच्या नजरेतून ती मान सुटली नव्हती. पाखरं बघणारा माणूस. ते उठले. "बाई, त्या दिवशी तुम्हीच नाव घेतलं होतं ना? डेअरीच्या शेडात, म्हणाला होतात."

चन्नाप्पा सुनेकडं बघत नव्हते, भिंतीवरच्या हत्तीकडं बघत होते. एक वाक्य बोललं की लाइन हलणार होती. आणि तेच वाक्य बोललं की या इमारतीला उद्याच कुलूप, घरात मामांचा अबोला आणि गावात त्यांची अब्रू ओढ्याला. न बोललं तर 'बघू की'. हातातलं बघायचं, का पळतं धरायचं? प्रेरणानं हातातलं धरलं.

"तो उखाणा होता, साहेब," ती म्हणाली. "यमकासाठी जुळवलेला."

"यमकासाठी." साहेबांनी तिच्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "ठीक आहे. आम्ही डोळ्यांनी दिसतं तेच लिहितो, बाई. न दिसलेलं लिहायची आम्हाला सोय नाही." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

बाळासोंनी त्यांना जेवायचा आग्रह केला. साहेब थांबले नाहीत. बाळासो जेवले.

*

शुक्रवारी सकाळी सौंदर्या स्वतःहून उठली, स्वतःहून न्हायली. ओढा ओलांडताना ती पुढं पळत होती. गुलाबी इमारतीसमोर डेअरीचा ट्रॅक्टर उभा होता. ज्ञानू पाठीवर पोतं घेऊन आत चालला होता. दाराशी चन्नाप्पा, हातात किल्ली.

"मामा," प्रेरणा म्हणाली. "तुम्ही म्हणालता, बघू."

"मग बघितलं की, बाई," चन्नाप्पा म्हणाले. वाईट वाटल्यासारखंच म्हणाले, आणि बहुधा वाटतही असावं. "नवी पेंड आलीया. थंडीचं दव लई पडतंय ह्या साली. दवापुरती ठेवतो, मग बघू."

"आणि पोरं?"

"पोरास्नी शेड हाय की. सवयीचं हाय." त्यांनी नातीच्या गालावरनं हात फिरवला, खिशातून लिमलेटची गोळी काढून तिच्या मुठीत दिली. सुनेवर, नातीवर त्यांची माया कमी होती असं कुणी म्हणू नये. फक्त पेंडीला ओल चालत नव्हती.

ज्ञानूनं पुढचं पोतं खिडकीला लावून ठेवलं. आतलं ऊन गेलं.

प्रेरणानं तोंड उघडलं, आणि आपणच काल काय बोललो ते आठवून मिटलं. ज्या माणसानं ऐकून घेतलं असतं, त्याला तिनं स्वतःच यमकाचं कारण देऊन वाटेला लावलं होतं. आता ओरडायचं ते कुठल्या तोंडानं, आणि कुणाकडं?

ती लेकीचा हात धरून परत ओढा उतरली. शेडपाशी शालूबाई चटया अंथरत होत्या. त्यांनी प्रेरणाकडं बघितलं नाही. शेडच्या मागच्या बाजूला दोन माणसं टेप धरून उभी होती. भिंतीपासून चार पावलांवर, गवतात, एकापाठोपाठ एक लाल झेंड्या खोवत चालली होती. त्यांतल्या एकानं ओळखीचं हसून रामराम केला.

सौंदर्या रडली नाही. मुठीतली गोळी तशीच धरून ती दारात उभी राहिली. आत बघितलं, बाहेर झेंड्यांकडं बघितलं, मग आईचा पदर ओढून तिला खाली वाकवलं आणि कानाशी, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं :

"आई, ते दाढीवाले साहेब परत आले, आणि मी त्यांना हितं सापडले, तर ते कुणाला रागावतील? मला, का तुला?"